बाया बारवेत उतरल्या, त्यानंतर

५ जानेवारी, सोमवार

बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर घेऊन स्टाफरूममध्ये बसले होते, तेवढ्यात दिल्लीहून फोन. दिवाळीनंतर आमच्या गावची बारव बघायला ज्या लेखिकाबाई आल्या होत्या त्यांच्या इंग्रजी मासिकातून. बाई स्वतः नव्हत्या. लेखातली माहिती खरी की खोटी एवढंच बघणारा एक मुलगा तिथं असतो, तो होता. लेखातलं प्रत्येक नाव, नातं, महिना फोन करून पक्का करायचा. यासाठी म्हणे पगार मिळतो. आमच्या गल्लीत ही सेवा फुकट आहे.

बाईंच्या मुक्कामात दुभाष्याचं काम मी केलं होतं, म्हणून फोन मला. बारवेला चारी बाजूंनी पायऱ्या? नाही, तीन. एका बाजूनं मोट चालायची. संगीता तुमच्या कोण? भावजय. गाळ काढायला बायका त्यांनीच जमवल्या? हो. देवळाचे पुजारी त्यांचे सासरे? हो, आणि माझे वडील. हे त्यानं टिपून घेतलं. मग एक वाक्य वाचून दाखवलं. मराठीत लिहायचं तर असं: महादेवाच्या पुजाऱ्यांनी गेल्या मे महिन्यात बारवेचं पाणी देवाला नेणं थांबवलं, आफ्टर बायका त्यात उतरल्या.

"पहिली गोष्ट खरी?" खरी. "दुसरी?" खरी. "क्रम बरोबर?" बरोबर.

थँक्यू म्हणून ठेवणार तेवढ्यात मी म्हटलं, अहो, यातून असं वाटतं की बायका उतरल्या म्हणून त्यांनी सोडलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅम, असं लिहिलेलं नाहीये."

खरंच लिहिलेलं नाही. हाच तर राग येतोय.

पुढच्या शुक्रवारी पानं छपाईला जाणार. काही चूक असेल तर तोवर कळवायची. चूक कुठली कळवू?

६ जाने.

वीस वर्षं 'आफ्टर' शिकवतेय. फळ्यावर दोन वाक्यं लिहायची, मधे हा शब्द टाकायचा, पोरं जोडून दाखवतात, दोन मार्क. याच्याकडे कधी नीट बघितलं नाही.

ऑफ तासाला लायब्ररीत जाऊन जुनी इंग्रजी मासिकं काढली. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, रद्दीवाला उद्या यायलाय, कामून उचकायल्या?" पेन्सिल घेऊन बसले. काय सापडावं! नटीनं मुंबई सोडली आफ्टर तिचा सिनेमा पडला. हॉटेल बंद झालं आफ्टर मालकाचं लग्न मोडलं. मंत्री आजारी पडले आफ्टर निकाल लागला. एकालाही 'बिकॉज'ची गरज नाही. 'बिकॉज' लिहिलं की पुरावा द्यावा लागतो, याला फक्त कॅलेंडर पुरतं. कारण वाचणाऱ्यानं आपल्या घरी बसून तयार करायचं.

आणि आपण करतोच. मंत्री आजारी वाचून मला हसू आलं. मला काय माहीत, असेलही बिचाऱ्याला डेंग्यू.

७ जाने.

रात्री जेवताना यांना सांगितलं. हे पूर्णेला रेल्वेच्या ऑफिसात, दिवसभर रिपोर्टच लिहितात. म्हणाले, यात नवीन काय. डबा रुळावरून उतरला की चार खात्यांचे चार जण मिळून एक कागद करतात. सगळ्यांच्या सह्या हव्यात, म्हणून त्यात 'मुळे' कधी येत नाही. गाडी निघाली, त्यानंतर आवाज आला, त्यानंतर डबा उतरला. सगळे खूश. सस्पेंड कोणाला करायचं ते साहेब नंतर वाचून ठरवतो.

"म्हणजे शब्द कोणाला वाचवतो?"

"लिहिणाऱ्याला," हे म्हणाले आणि ठेच्याची वाटी पुढं ओढली.

८ जाने.

लेखिकाबाईंना फोन केला. भांडायची तयारी करून. त्या भांडल्याच नाहीत. म्हणाल्या, मला कारण कळलं नाही म्हणूनच आफ्टर लिहिलं. तुमच्या वडिलांना तीनदा विचारलं, तुम्हीच भाषांतर करत होता, आठवतंय? ते हसले आणि म्हणाले चहा घ्या. तुम्ही कारण सांगा, मी ते लिहिते.

आठवतंय. अप्पांचं ते "च्या घ्या" मी फार छान इंग्रजीत सांगितलं होतं.

मीही कधी विचारलेलं नाही. गुडघे, असं आपलं मीच धरून चालले होते. चौऱ्याहत्तर वय, शेवाळलेल्या पायऱ्या, गुडघेच असणार. पण गाळ काढल्यावर शेवाळही गेलं, पायऱ्या नीट बसवल्या, एका बाजूला कठडासुद्धा लावला. पायऱ्या धड नव्हत्या तेव्हा रोज पहाटे कळशी घेऊन उतरत होते, पायऱ्या चांगल्या झाल्या आणि सोडलं. आता देवाला नळाचं पाणी. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. जवळच्या माणसांच्या बाबतीत आपण किती बिनचौकशीचे असतो.

९ जाने.

वहिनीला फोन. हिला हळूच विचारावं म्हटलं तर लेखातल्या त्या वाक्याचा विषय काढताच ती म्हणाली, "म्हंजे त्या दिल्लीच्या बाईला बी कळलं की."

काय कळलं?

"माझ्यामुळं सोडलं ते. ताई, मी इचारलं व्हतं त्यायला. आमी बाया उतरावं का? तर म्हणले, उतरा. गावात कोणी काय बोलायलं तर मला सांगा म्हणले. पहिल्या दिवशी वर उभं राहून बघायले. दुसऱ्या दिवशी बी आले. तिसऱ्या दिवशी आले, उलसं थांबले आन् निघून गेले. तवापासून बारवंकडं तोंड न्हाई केलं. मला एक शब्द न्हाई बोलले. बोलले असते तर बरं झालं असतं."

मग सांगितलं की ती आता देवळाच्या सभामंडपातच थांबते, गाभाऱ्याच्या उंबऱ्याकडं जात नाही. बेल-फुलाचं ताटसुद्धा लांबून सरकवते. आठ महिने. एका घरात राहून. मी दर महिन्याला जाते, पुरणपोळी खाऊन येते, मला दिसलं नाही.

"शिवरात्र झाली की मी पुण्याला जाते, ताई. ह्यायला सांगून ठिवलंय. खोली बगायलेत." माझा भाऊ कंपनीत आहे तिकडं. ती इतकी वर्षं अप्पांसाठी गावात राहिली, आई गेल्यावर तर त्यांचं सगळं तीच बघते. तिच्या मागं अप्पा एकटे. गोळ्या कोणती कोणत्या वेळची हेसुद्धा त्यांना माहीत नाही.

एका शब्दाचं कुतूहल म्हणून सुरू केलं होतं. 

११ जाने., रविवार

गावाला. वालूरपर्यंत एसटी, पुढं ऑटो. वहिनी बचतगटाच्या मीटिंगला गेलेली, मुद्दाम ती वेळ धरली.

अप्पा ओट्यावर बेल निवडत होते. तीन पानं अखंड असलेलं एकीकडे, किडकं एकीकडे. शेजारी बसून मीही निवडायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "काय इचारायला आलीस, इचार. बेल निवडायला परभणीहून कोण येतंय?"

विचारलं. सरळच. बाया उतरल्या म्हणून सोडलं का?

"कोण म्हणलं?"

"कोणीच नाही म्हणलं. पण सगळ्यांना तसं वाटतंय."

 मला वाटलं आता "च्या घे" येणार. मग बोलायला लागले, माझ्याकडं न बघता. जसंच्या तसं लिहून ठेवते, विसरायच्या आत.

"तिसऱ्या दिवशी तळ लागला. काय काय निघालं तुला मालूम हाय का? चपला. दारूच्या बाटल्या. फाटके कपडे. मंग एक पोतं निघालं, तोंड बांधलेलं. बायांयनी वर आणून सोडलं. कुत्रं व्हतं. हाडं राहिली व्हती निस्ती. कोणी टाकलं, कवा टाकलं, कोणाला ठाव. त्याच्यावरचं पाणी मी रोज नेऊन त्याच्या डोक्यावर घालत व्हतो. वरून लय नितळ दिसायचं. मी लहानपणापासून घालायलोय, माझ्या आधी माझा बाप."

"त्याच्या" म्हणजे महादेवाच्या. हे कळायला मला क्षणभर लागलं.

मी म्हटलं, अप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं. आणि आता तर बारव स्वच्छ आहे, पाणी तपासून आणलंय.

"आता सोच्छ हाय, म्हणूनच हात धजत न्हाई. सोच्छ पाणी घेऊन गेलो आन् त्यानं इचारलं, की मंग बाबा इतके दिवस काय घालत व्हतास, तर काय सांगू?"

मला रडू आलं. शिकलेली बाई, चार युक्तिवाद तोंडाशी होते, एकही काढला नाही.

उठताना म्हणाले, हे कुठं बोलायचं नाही. लिहायचं तर अजिबात नाही. कुत्रं निघालं हे बायांना माहीत आहे, पण ते देवाच्या पाण्याशी गावात कोणी जोडलेलं नाही; सांगितलं तर लोक म्हणतील, गुरवानं आमच्या देवाला कुत्र्याचं पाणी घातलं. मी म्हटलं, अहो पण आता लोक म्हणतात की म्हातारा सोवळ्याचा आहे, बायकांचा विटाळ मानतो.

"म्हणू दे. तेवढं चालतंय मला."

"आणि वहिनी? ती तसंच समजून आहे. पुण्याला चाललीय ती."

पुण्याचं त्यांना माहीत नव्हतं. हातातलं बेलाचं पान त्यांनी चांगल्यात टाकलं की किडक्यात, त्यांनाही कळलं नसावं. "तिला काय सांगू," एवढंच म्हणाले. "पोतं तिनंच वर आणलं व्हतं."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे खरं कारण सांगितलं तरी ते तिच्याच हातांवर येणार. परत येताना ऑटोवाला काय बोलत होता एक अक्षर ऐकलं नाही.

१२ जाने.

तर कारण मिळालं आणि द्यायचं नाही. छान.

गंमत म्हणजे बाईंचं वाक्य जास्तच खरं निघालं. बायका उतरल्या नसत्या तर अप्पांनी सोडलंच नसतं. 'बिकॉज' टाकलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. आणि तरी वाचणारा जे समजेल ते साफ खोटं. मग चूक नेमकी कुठं राहते? शब्दात नाही, घटनेत नाही. वाचणाऱ्याकडे एक म्हातारा गुरव आणि बारवेत उतरलेल्या बायका एवढं सामान दिलं की तो एकच गोष्ट रचतो. मीसुद्धा तीच रचली असती. परक्या गावातला पुजारी असता तर मी स्टाफरूममध्ये ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं असतं.

वर्गात पोरांना दोन वाक्यं दिली: सर बदलून गेले. निकाल चांगला लागला. 'आफ्टर'नं जोडा म्हटलं. सगळा वर्ग खो खो. गणिताचे सर गेल्याच वर्षी बदलून गेलेत. मी कोणाचं नाव घेतलं होतं का? नाही. प्रिन्सिपॉल सरांच्या कानावर जायच्या आत फळा पुसला.

१३ जाने.

वाक्याशी झगडतेय. आफ्टर काढून पूर्णविराम दिला. बायका उतरल्या. पुजाऱ्यांनी पाणी नेणं थांबवलं. हे तर आणखी वाईट, जणू मधे कोणीतरी दार आपटलं. दोन वाक्यं लांब लांब नेली, एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या. हे म्हणाले, लोक शोधून जोडतील, लोकांना तेवढाच उद्योग असतो. वाक्य पूर्ण काढायला सांगावं का? बाई म्हणतील, खरं आहे ना, मग का काढू. आणि त्यांचं बरोबर आहे.

अप्पांचा शब्द मोडून बाईंना खरं सांगितलं तर निदान विटाळाच्या समजातून वहिनी सुटते. नाही सांगितलं तर अप्पा सुटतात. दोघांना पुरेल असा शब्द इंग्रजीत नाही. मराठीतही नाही, बघितलं.

१४ जाने., संक्रांत

वहिनीचा फोन, तिळगूळ घ्या वगैरे. मी विचारलं, शिवरात्रीला बारवेचं पाणी कोण आणणार? दरवर्षी त्या दिवशी अख्खं गाव बघायला असतं, पुजारी कळशी घेऊन वर येतो तेव्हा वाजंत्री लागते. ती म्हणाली, "टँकर सांगितलाय म्हणं पंचायतीनं."

टँकर! बारव भरलेली असताना.

सांगून टाकावंसं वाटलं. अगदी जिभेच्या टोकाला आलं होतं. "अप्पांशी तूच बोल एकदा" एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "त्यायनी बोलावं ना, ताई. मी किती येळा चहा नेऊन हुबी राहते."

१६ जाने., शुक्रवार

दिल्लीचा मुलगा बरोबर अकराला. काही दुरुस्ती, मॅम?

मी म्हटलं, वाक्य बरोबर आहे. तुमच्याकडे एखादा असा रकाना आहे का, की बरोबर आहे पण खरं नाही? तो हसला. म्हणाला, त्यांच्या हपिसातले जुने लोक म्हणतात की वाक्यं जोडणारे शब्द तपासता आले असते तर मासिक कधी निघालंच नसतं. भला मुलगा आहे. मराठी शिकायचं म्हणतोय.

शेवटी एक मागितलं. पुजाऱ्यांनी कारण सांगायला नकार दिला, एवढं घाला. ते खरं आहे, आणि बाईंच्या समोरच घडलंय. तो म्हणाला, विचारून सांगतो. संध्याकाळी मेसेज: घातलं.

हा विजय की काय, कळत नाही. निदान वाचणारा एक क्षण थांबेल. किंवा म्हणेल, बघा, सांगायची लाज वाटतेय म्हाताऱ्याला. आणि तेही खरंच आहे, फक्त लाज भलतीच आहे.

३ फेब्रु.

मासिक आलं. गुळगुळीत कागद. बारवेचा फोटो पूर्ण दोन पानं, वरून काढलेला, पाण्यात आभाळ. मे महिन्यातला, कोणीतरी मोबाइलवर काढलेला वहिनीचा फोटोही आहे, चिखलानं माखलेली, हसतेय. इतकी मोकळी हसताना तिला गेल्या कित्येक महिन्यांत पाहिलं नाही. ते वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. त्याच्या पुढं: त्यांनी कारण सांगितलं नाही, त्यांनी चहा देऊ केला.

लेख चांगला आहे, हे कबूल करायला हवं. ओळखीचं कोणी नसतं तर मला फार आवडला असता.

व्हॉट्सअॅपवर गावच्या ग्रुपात फोटो फिरतोय. इंग्रजी कोणाला फारसं येत नाही हे बरं, म्हणेपर्यंत कोणीतरी मोबाइलवर मराठी करून टाकलं. तिथं 'आफ्टर'चं सरळ 'मुळे' झालंय. मशीनसुद्धा गावातलंच निघालं. खाली कोणाचा तरी अंगठा, आणि एक "बरोबरच केलं गुरवकाकांनी". अप्पांना न मागता पाठिंबा मिळाला. तो वाचून वहिनीला काय झालं असेल.

८ फेब्रु., रविवार

गावात. मासिक घेऊन आले. मला वाटलं होतं वहिनी बघायलाही तयार होणार नाही. पण तिनं हात पुसून घेतलं, फोटो पाहिला, मग माझ्यापुढं धरलं. "वाचा, ताई. मराठीत सांगा. मोबाइलवालं मला नको, तुमच्या तोंडून ऐकायचंय."

अप्पा बाजेवर, पाठ फिरवून. जागे.

वाचत गेले. मोट, पायऱ्या, बायकांची नावं. एकेक नाव आलं की ती "हां" म्हणायची. ते वाक्य आलं तेव्हा मी अडले. तिनं बघितलं.

"वाचा."

वाचलं. बायका बारवेत उतरल्या, त्यानंतर पुजाऱ्यांनी पाणी नेणं थांबवलं.

"म्हंजे माझ्यामुळंच ना?"

तसं लिहिलेलं नाही, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला स्वतःची शरम वाटली. त्या दिल्लीच्या मुलाचंच वाक्य. तिनं मासिक मिटून ट्रंकेवर ठेवलं, पदर नीट केला आणि पुण्याला न्यायच्या डब्यांकडे वळली.

तेव्हा अप्पा उठून बसले. "संगीता," म्हणाले. एरवी ते तिला "अगं" म्हणतात, फार झालं तर "पोरी". "बस हितं. बाई, तू उलशी भाईर जा."

"बाई" म्हणजे मी. माझी चौकशीची सवय त्यांना माहीत आहे.

बाहेर ओट्यावर येऊन हे लिहितेय. दार लोटलेलं आहे, लावलेलं नाही.  आत्ता एक डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि आता अप्पा काहीतरी बोलायलेत, अगदी हळू, मला शब्द लागत नाहीत.